मैला कोणाच्या दारी

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम अंगास, हडसन नदीच्या पात्रात, १३७ व्या रस्त्यापासून १४५ व्या रस्त्यापर्यंत २८ एकरांचा एक काँक्रिटचा चौथरा उभा आहे. नदीतळाखालच्या खडकात रोवलेल्या सुमारे २,३०० स्तंभांनी तो तोलून धरलेला असून त्यांतले काही स्तंभ नदीखाली २३० फुटांपर्यंत उतरलेले आहेत. या चौथऱ्याच्या पोटात बेटाच्या जवळजवळ सगळ्या पश्चिम भागाचे मैलापाणी अहोरात्र येऊन शुद्ध होते, आणि त्याच्याच गच्चीवर पोहण्याचा तलाव, बर्फावर घसरण्याचे मैदान, नाट्यगृह व खेळाची पटांगणे असलेले एक विस्तीर्ण उद्यान आहे. खाली शहराची घाण आणि वर मुलांचा किलबिलाट, अशी ही रचना पाहून परगावचा पाहुणा स्थापत्यकौशल्याने थक्क होतो. परंतु ज्यांच्या खिडक्या या चौथऱ्याकडे उघडतात त्या पश्चिम हार्लेमच्या कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक रहिवाशांना तिचा इतिहास विचारला, तर ते कौशल्यापूर्वी दुर्गंधीची, कोंडलेल्या श्वासाची आणि अनेक वर्षे चाललेल्या भांडणाची हकीकत सांगतात.

नागरी सोयीला विरोध करणाऱ्या वस्तीविषयी आपल्याकडे दोन मते अगदी तयार असतात. एक मत असे, की शहराला मलशुद्धीकरण हवे, कचऱ्याची व्यवस्था हवी, आणि तरीही प्रत्येक वस्ती ‘आमच्या दारात नको’ म्हणून आडवी पडते, ती निव्वळ स्वार्थापोटी. दुसरे मत असे, की महापालिकेविरुद्ध रस्त्यावर उतरलेली जनता ही नेहमी न्यायाच्याच बाजूची असते. माझ्या मते ही दोन्ही मते विचाराचा आळस झाकणारी आहेत. विरोधाचे घोषणाफलक, मोर्चे, कोर्टकज्जे हे सर्वत्र सारखेच दिसतात. त्यांतला न्याय आणि अन्याय ओळखायचा, तर त्या वस्तीच्या माथ्यावर आधीच किती भार आहे, आणि जागा ठरविताना तिला कोणी विचारले होते काय, हे आधी पाहिले पाहिजे. मॅनहॅटनच्या दोन काठांवर, थोड्या कालांतराने, झालेले दोन झगडे ही गोष्ट जितकी स्वच्छ दाखवून देतात तितकी एखादी पोथीही दाखविणार नाही.

अशा सोयी पाण्याच्याच काठी का येतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. मैलापाणी उताराने वाहते, आणि शहराचा सर्वांत खालचा बिंदू बहुधा नदीचा किंवा खाडीचा काठच असतो. शुद्ध केलेले पाणी सोडायचे तेही तिथेच. कचऱ्याचेही तसेच आहे. न्यूयॉर्कचा कचरा कित्येक पिढ्या बार्जमध्ये भरून नेला जात असे, आणि १९३४ पर्यंत तर तो उघड्या समुद्रात लोटून दिला जात असे. शेजारच्या न्यू जर्सी राज्याने किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या घाणीची फिर्याद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेली, तेव्हा कुठे तो प्रकार बंद झाला. म्हणजे काठ अपरिहार्य आहे हे खरे. परंतु काठ लांबच लांब असतो, आणि त्याचा नेमका कोणता तुकडा निवडायचा हे काही गुरुत्वाकर्षण ठरवीत नाही, माणसे ठरवितात.

हडसनची स्थिती १९८० च्या दशकापर्यंत लाजिरवाणी होती. मॅनहॅटनच्या पश्चिम भागातून दररोज सुमारे १५ कोटी गॅलन, म्हणजे ५७ कोटी लिटरांच्या आसपास, कच्चे मैलापाणी कसल्याही प्रक्रियेशिवाय नदीत जात होते. जगातील सर्वांत धनाढ्य शहरांपैकी एक असलेल्या या नगरीचे शौचकूप सरळ नदीत उघडत होते, असे म्हणण्यात यत्किंचितही अतिशयोक्ती नाही. केंद्राची गरज होती यात शंका नाही, आणि हार्लेमच्या लोकांनीही ती नाकारल्याचे मला कुठे आढळले नाही. प्रश्न जागेचा होता. आरंभी ज्या जागेचा विचार झाला ती बेटाच्या दक्षिणेकडे, ७२ व्या रस्त्याच्या आसपास होती, आणि त्या भागात सुस्थितीतील गोऱ्या लोकांची वस्ती होती. १९६० च्या दशकात ही जागा मागे पडली आणि योजना साठपासष्ट रस्ते उत्तरेला सरकून हार्लेमच्या दारात जाऊन बसली. नगररचनेच्या दप्तरात यासाठी तांत्रिक कारणे नमूद असतील. परंतु ज्या वस्तीचे प्रतिनिधी सत्तेच्या दालनात मोजकेच होते तिच्याकडेच ही योजना उताराने वाहत गेली, हे हार्लेमच्या लोकांनी विसरावे कसे?

त्यांच्या आठवणीला आणखीही एक जुनी जखम होती. १९३० च्या दशकात रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याने हडसनकाठच्या रिव्हरसाइड उद्यानाचा कायापालट केला, तेव्हा काठाने जाणारे रेल्वेचे रूळ झाकून त्यांवर हिरवळी आणि फिरण्याच्या वाटा केल्या. मात्र उद्यान हार्लेमच्या हद्दीत शिरले तिथे रूळ उघडेच राहिले. रॉबर्ट कॅरो यांनी मोझेस यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात या भेदाची नोंद सविस्तर केली आहे. म्हणजे नदीचे सौंदर्य वाटताना जी वस्ती पंगतीच्या शेवटी बसविली गेली, तीच नदीचे ओझे वाटताना पहिल्या पानावर आली.

बांधकाम १९७२ साली सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेचा स्वच्छ जल कायदा संमत झाला होता, आणि शहराला केंद्र उभारणे भागच होते. पैशाची टंचाई आणि नदीतील पायाभरणीची अडचण यांमुळे काम रेंगाळले. खर्च १०० कोटी डॉलरांच्या घरात गेला. १९८६ साली केंद्राचा पहिला टप्पा चालू झाला आणि १९९१ साली जैविक शुद्धीकरणाचा पूर्ण टप्पा कार्यान्वित झाला. दिवसाला १७ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ६४ कोटी लिटर, मैलापाणी हाताळण्याची त्याची योजना आहे, आणि पावसाळी दिवशी, गटारात पावसाचे पाणीही मिसळत असल्यामुळे, त्याच्या दुप्पट पाणी त्याला पेलावे लागते.

आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. खोल नलिकांतून आलेले पाणी प्रथम मोठमोठ्या जाळ्यांतून जाते आणि चिंध्या, काठ्या, प्लास्टिक तिथे अडकते. मग ते संथ टाक्यांत स्थिरावते, तेव्हा जड गाळ तळाशी बसतो आणि तेल-चरबी वर तरंगते. पुढच्या टाक्यांत हवा जोराने फुंकली जाते. त्या हवेवर जिवाणू पोसतात आणि पाण्यात विरघळलेली घाण खाऊन टाकतात. पुन्हा एकवार पाणी निवविले जाते, त्यात जंतुनाशक मिसळतात, आणि साधारण सहासात तासांच्या या प्रवासानंतर ते नदीत सोडले जाते. गाळ बंद टाक्यांत कुजविला जातो, त्यातून निघालेला वायू इंधन म्हणून वापरता येतो, आणि उरलेला गाळ जहाजातून दुसऱ्या केंद्राकडे धाडला जातो. या सगळ्या व्यवहारात जिथे जिथे मैला हवेविना साचून राहतो तिथे तिथे हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला झोंबतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो पांगण्याऐवजी खालीच रेंगाळतो.

केंद्र सुरू झाले आणि काही दिवसांतच हा वायू हार्लेमच्या घरांत शिरू लागला. उन्हाळ्यात, ज्या घरांत वातानुकूलन यंत्र नव्हते त्या घरांतील माणसांना खिडकी उघडावी तर दुर्गंधी आणि मिटावी तर उकाडा, अशा कात्रीत दिवस काढावे लागले. लोक डोळ्यांची आग, मळमळ आणि दम्याच्या झटक्यांच्या तक्रारी करू लागले. महापालिकेचे अधिकारी प्रथम म्हणत राहिले की दुर्गंधी केंद्राचीच आहे हे सिद्ध झालेले नाही. ज्याचे जळते त्याला कळते. पण ज्याचे जळते त्यानेच ते पुराव्यानिशी सिद्धही करावे, अशी अपेक्षा ज्या कारभारात केली जाते त्याला लोकांचा कारभार म्हणणे मला जड जाते.

मग १९८८ चा जानेवारी उजाडला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या निमित्ताने, कामाच्या सकाळी, गाड्यांची वर्दळ शिगेला असताना, नदीकाठच्या हमरस्त्यावर काही माणसे हातात फलक घेऊन उभी राहिली आणि वाहतूक थांबली. सात जणांना अटक झाली. वृत्तपत्रांतून आणि लोकांच्या तोंडी ते ‘सुएज सेव्हन’, म्हणजे ‘मैलापाण्याचे सात’, या नावाने प्रसिद्ध झाले. किंग यांचा जन्मदिन निवडण्यात मोठे औचित्य होते: नागरी हक्कांचा लढा आजवर बसमधील आसन, शाळेचा वर्ग आणि मतपेटी यांसाठी लढला गेला होता, तो आता श्वासाच्या हवेपर्यंत येऊन पोहोचला आहे, हे त्या सात माणसांनी एका शब्दाचेही भाषण न करता सांगितले. त्याच वर्षी पेगी शेपर्ड, व्हर्निस मिलर आणि चक सटन यांनी ‘वेस्ट हार्लेम एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन’, संक्षेपाने ‘वी अ‍ॅक्ट’, ही संस्था स्थापन केली.

याच्या आदल्याच वर्षी, १९८७ साली, ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ या धर्मसंस्थेच्या वंशन्यायविषयक आयोगाने साऱ्या देशाची पाहणी करून असे दाखवून दिले होते, की घातक कचऱ्याची केंद्रे कुठे आहेत हे ओळखण्यास उत्पन्नापेक्षाही वंश हाच अधिक अचूक निदर्शक ठरतो. हार्लेमच्या लोकांना आपल्या खिडकीतून जे जाणवत होते त्याला या पाहणीने देशव्यापी बळ दिले. ‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्दप्रयोग रूढ होत गेला तो याच काळात.

‘वी अ‍ॅक्ट’ने १९९२ साली ‘नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल’ या संस्थेच्या साहाय्याने महापालिकेवर दावा दाखल केला. त्याच सुमारास राज्य सरकारच्या दट्ट्याने महापालिकेने दुर्गंधी रोखण्यासाठी साडेपाच कोटी डॉलर खर्चण्याचे मान्य केले. टाक्यांवर झाकणे बसविणे, कोंडलेली हवा गाळून सोडणे, यंत्रणा दुरुस्त करणे अशी ही कामे होती. दाव्याचा निकाल तडजोडीने लागला आणि वस्तीच्या हितासाठी ११ लक्ष डॉलरांचा निधी ठेवण्यात आला. पण मला या तडजोडीतले सर्वांत मोलाचे कलम वाटते ते पैशाचे नव्हे. केंद्र नीट चालते की नाही यावर देखरेख करण्याचा अधिकार रहिवाशांच्या संस्थेला मिळाला, हे होय. ज्यांना जागा निवडताना विचारले नव्हते त्यांना निदान कारभार तपासताना विचारावे लागले.

गच्चीवरच्या उद्यानाबद्दल मात्र मनात दोन भाव उभे राहतात. राज्य सरकारने हे उद्यान वस्तीची समजूत काढण्यासाठी कबूल केले होते, आणि रिचर्ड डॅटनर यांनी त्याची रचना केली. १९९३ साली ते खुले झाले. २८ एकरांचे असे मैदान हार्लेमला दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळाले असते, हे सांगणे कठीण आहे. संध्याकाळी तिथे धावणारी मुले, बाकांवर बसून नदीपलीकडचा सूर्यास्त पाहणारे वृद्ध, तलावात पोहणाऱ्या मुली यांना या उद्यानाने दिलेला आनंद खोटा नाही. पण हेही ध्यानात ठेवले पाहिजे, की शेजारच्या श्रीमंत वस्तीला उद्यान मिळविण्यासाठी मैला पोटात घ्यावा लागला नव्हता. जे एका वस्तीला हक्क म्हणून मिळते, ते दुसरीला भरपाई म्हणून मिळावे, ही तफावत उद्यानाच्या हिरवळीने झाकली जात नाही. आणि भरपाईसुद्धा निर्धोक नसते: २०११ च्या जुलैत केंद्राच्या इंजिनघराला आग लागली, यंत्रे बंद पडली, आणि कोट्यवधी लिटर कच्चे मैलापाणी पुन्हा नदीत सोडावे लागले, उद्यानही त्या दिवसांत बंद ठेवण्यात आले.

आता बेटाच्या दुसऱ्या काठाकडे वळू.

ईस्ट रिव्हरच्या काठी, ९१ व्या रस्त्यावर, १९४० च्या सुमारापासून महापालिकेचे एक कचरा हस्तांतरण केंद्र होते. आसपासच्या वस्त्यांचा कचरा ट्रकांतून तिथे येई, बार्जमध्ये ओतला जाई आणि स्टॅटन बेटावरील फ्रेश किल्स या क्षेपणभूमीकडे रवाना होई. फ्रेश किल्स १९४८ साली सुरू झाली तेव्हा ती अवघ्या तीन वर्षांसाठी आहे असे सांगितले गेले होते. ती ५३ वर्षे चालली आणि जगातील सर्वांत मोठ्या क्षेपणभूमींत तिची गणना होऊ लागली. त्या बेटाचे रहिवासी इतके संतापले, की १९९३ साली त्यांनी न्यूयॉर्क शहरातून फुटून निघण्याच्या बाजूने बहुमताने कौल दिला. फुटून निघणे त्यांना साधले नाही, पण १९९६ साली महापौर आणि राज्यपाल यांनी क्षेपणभूमी बंद करण्याची घोषणा केली आणि मार्च २००१ मध्ये तिला टाळे लागले.

ही न्यायाची गोष्ट होती. पण एका वस्तीला मिळालेला न्याय दुसरीवर अन्याय होऊन कोसळतो तो कसा, ते इथे पाहावे. जलमार्ग बंद झाला आणि कचरा ट्रकांवर चढला. शहरातील खासगी हस्तांतरण केंद्रे मुख्यत्वे साउथ ब्राँक्स, उत्तर ब्रुकलिन आणि आग्नेय क्वीन्स या वस्त्यांत होती, आणि शहरातील कचऱ्याचा फार मोठा हिस्सा याच मूठभर वस्त्यांतून जाऊ लागला. डिझेलचा धूर ओकणारे ट्रक पहाटेपासून रात्रीपर्यंत शाळांसमोरून, घरांखालून धावू लागले. या वस्त्या गरिबांच्या, कृष्णवर्णीयांच्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या माणसांच्या होत्या, आणि बालदम्याचे प्रमाण तिथे आधीच चिंताजनक होते. मॅनहॅटन मात्र, जिथे शहरातील सर्वांत महागडी घरे आणि सर्वांत गजबजलेली उपाहारगृहे आहेत ते बेट, आपला कचरा ट्रकमध्ये भरून बाहेर पाठवीत होते आणि मोकळे होत होते.

महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत नगर परिषदेने २००६ साली जी घनकचरा योजना मंजूर केली तिचे तत्त्व असे होते, की शहराच्या प्रत्येक विभागाने आपल्या कचऱ्याचा भार आपणच उचलावा. त्यासाठी जुन्या जलकेंद्रांपैकी चार नव्याने बांधावयाची ठरली, आणि त्यांत ९१ व्या रस्त्याचे केंद्र होते. नवे केंद्र जुन्यासारखे उघडे असणार नव्हते. ट्रक बंद इमारतीत शिरावेत, आतली हवा बाहेर निसटू नये म्हणून तिथला दाब कमी राखावा, कचरा दाबून बंद पेट्यांत भरावा, आणि त्या पेट्या बार्जवरून पुढे रेल्वेने रवाना व्हाव्यात, अशी योजना होती.

अप्पर ईस्ट साइडचा हा भाग सुखवस्तू आहे. महापौरांचे अधिकृत निवासस्थान ग्रेसी मॅन्शन तिथून दोनतीन रस्त्यांच्या अंतरावर आहे. विरोध प्रखर झाला. संस्था स्थापन झाल्या, नामवंत वकील उभे राहिले, दावे दाखल झाले, लोकप्रतिनिधींनी भाषणे केली, आणि काम वर्षानुवर्षे लांबत गेले. विरोधकांचे सर्वांत सबळ म्हणणे होते ते मुलांविषयीचे. केंद्राकडे जाणारा रॅम्प ‘अ‍ॅस्फाल्ट ग्रीन’ या क्रीडासंकुलाच्या मधूनच जात होता. एका हाताला मुलांचे मैदान, दुसऱ्या हाताला व्यायामशाळा आणि मधून कचऱ्याच्या ट्रकांची रांग, हे चित्र कोणत्याही आईबापाच्या काळजात धस्स करणारे आहे, आणि ते खोटे नव्हते. २०१२ च्या सँडी चक्रीवादळात हा काठ पाण्याखाली गेला, त्यामुळे पुराच्या पट्ट्यात असे केंद्र बांधावे काय, हाही रास्त सवाल होता. शिवाय समोरच होम्स टॉवर्स आणि आयझॅक्स हाउसेस या सरकारी गृहवसाहती आहेत, जिथे अल्प उत्पन्नाची कुटुंबे राहतात. तेव्हा ही केवळ धनिकांची वस्ती नव्हे, असेही विरोधक आग्रहाने सांगत.

या सर्व हरकती मी मनोभावे तोलून पाहिल्या, आणि तरीही माझे मत महापालिकेच्या बाजूस पडते. मुलांच्या सुरक्षेचा उपाय म्हणजे रॅम्पची जागा बदलणे, ट्रकांच्या वेळा बांधणे, केंद्र बंदिस्त ठेवणे. ते केंद्रच साउथ ब्राँक्सच्या मुलांच्या दारात ढकलणे हा उपाय नव्हे, कारण मूल तिकडेही मूलच असते. पुराचा धोका बांधणीची उंची वाढवून भागतो. गृहवसाहतीतील गरिबांची काळजी खरीच असेल, तर तीच काळजी साउथ ब्राँक्समधील हंट्स पॉइंटच्या आणि उत्तर ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्गच्या गरिबांची का नाही, याचे समाधानकारक उत्तर त्या साऱ्या वादात मिळाले नाही. म्हणूनच या वादात साउथ ब्राँक्स, ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या वस्त्यांतील पर्यावरणीय न्यायाच्या संघटना महापालिकेच्या बाजूने उभ्या राहिल्या, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. एरवी महापालिकेशी भांडणारी माणसे, बांधायचे ते केंद्र बांधाच, असे सांगण्यासाठी नगर परिषदेच्या सुनावण्यांना हजर राहिली.

विरोध निष्फळ गेला असेही म्हणता येत नाही. मुलांच्या मैदानाजवळून जाणारा रॅम्प एक रस्ता उत्तरेकडे सरकविण्याचे महापालिकेने मान्य केले, आणि बांधणीवर रहिवाशांची करडी नजर राहिली. अखेर मार्च २०१९ मध्ये केंद्र चालू झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ साली, नगर परिषदेने आणखी एक महत्त्वाचा कायदा केला: ज्या वस्त्यांवर कचऱ्याचा भार अतोनात झाला होता तिथल्या खासगी केंद्रांची परवानाप्राप्त क्षमता घटविण्यात आली, उत्तर ब्रुकलिनमध्ये निम्म्याने, आणि साउथ ब्राँक्स व आग्नेय क्वीन्समध्ये एकतृतीयांशाने. जलकेंद्रे उभी राहिली नसती, तर ही कपात कागदावरच राहिली असती.

अशाच एका तिसऱ्या झगड्याचा उल्लेख ओझरता करतो. हडसनच्याच काठी, दक्षिणेकडे, स्प्रिंग स्ट्रीटवर तीन विभागांच्या कचरागाड्यांसाठी मोठे वाहनगृह बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा शेजारच्या उंची घरांतील रहिवाशांनी, त्यांत चित्रपटसृष्टीतील प्रसिद्ध मंडळीही होती, दीर्घ काळ विरोध केला. ते बांधले गेले. त्याच्या रचनेत डॅटनर यांच्याच कार्यालयाचा हात होता. आणि बर्फावर टाकायच्या मिठासाठी शेजारी उभारलेल्या कोठाराची आज वास्तुकलेचा उत्तम नमुना म्हणून वाखाणणी होते. श्रीमंत वस्तीत बांधायचे म्हटल्यावर महापालिकेला देखणे बांधता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. हेच लक्ष गरीब वस्तीतही पुरवावे, एवढेच मागणे उरते.

न्यूयॉर्कने अशा वादांसाठी एक दंडक पूर्वीच बांधून ठेवला आहे, आणि तो मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. १९८९ साली शहराची सनद दुरुस्त झाली तेव्हा तीत ‘न्याय्य वाट्या’चे कलम आले. महापालिकेने कोणतीही नवी सोय उभारताना किंवा वाढविताना, त्या वस्तीत आणि आसपास अशा सोयी आधीच किती आहेत याचा विचार लेखी नोंदवावा, आणि नियोजित सोयींचा वार्षिक तक्ता लोकांसमोर ठेवावा, असा त्याचा आशय आहे. हे कलम सर्वशक्तिमान नाही. त्याची अमलबजावणी अनेकदा कागदोपत्री उरकली जाते अशी टीका तिथेही होते. तरीही, भाराचा हिशेब मांडणे हे सरकारचे कर्तव्य आहे, फिर्याद घेऊन फिरणाऱ्या रहिवाशाचे नव्हे, एवढे त्याने ठरवून टाकले.

आपल्या मुंबईत हा हिशेब कसा दिसेल? देवनारची क्षेपणभूमी ठाण्याच्या खाडीच्या काठी १९२७ साली सुरू झाली. तिच्या कुशीत गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक कुटुंबांना शहराच्या अन्य भागांतून उठवून महापालिकेनेच तिथे आणून वसविले. जानेवारी २०१६ मध्ये क्षेपणभूमीला मोठी आग लागली, धुराने परिसर दिवसच्या दिवस काळवंडला, आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच विभागात शहराचा कत्तलखाना आहे, आणि साऱ्या महानगराच्या रुग्णालयांतील कचरा जाळण्याची भट्टीही त्याच विभागात आली. तिच्या विरोधात रहिवाशांना उच्च न्यायालयात जावे लागले. मलबार हिलवरच्या घरातला आणि वांद्र्याच्या उपाहारगृहातला कचरा जिथे जाऊन पडत आला, तिथल्या माणसाने ‘आता पुरे’ म्हटले, तर त्याला विकासाचा वैरी ठरविण्यापूर्वी आपण पश्चिम हार्लेमची आठवण काढावी. आणि उद्या वरळीत, वर्सोव्यात किंवा वांद्र्यात मलजल प्रक्रिया केंद्राच्या कामाला हरकती आल्या, तर त्या वाचताना ९१ व्या रस्त्याचीही आठवण काढावी. कारण समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या घरांचेही मैलापाणी कुठेतरी शुद्ध व्हावयाचेच आहे. शहरात सात ठिकाणी अशी नवी केंद्रे उभी राहत आहेत, आणि ती उभी राहिलीच पाहिजेत.

माझी विनंती एका साध्या कागदापुरती आहे. महापालिका एखाद्या भूखंडावर मैल्याची किंवा कचऱ्याची सोय नियोजित करते तेव्हा हरकती आणि सूचना मागविणारी जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापली जाते, आणि विभाग कार्यालयाच्या फलकावर लागते. त्या जाहिरातीसोबत प्रत्येक विभागाचा तक्ता छापला जावा: या विभागात मलशुद्धीकरण किती, हस्तांतरण केंद्रे किती, क्षेपणभूमी किती, भट्ट्या किती, आणि शेजारच्या विभागांत किती. असा तक्ता मागण्याचा अर्ज कोणताही नागरिक आपल्या नगरसेवकाकडे आणि विभाग कार्यालयाकडे करू शकतो. वाचकांनी तो करावा, विशेषतः ज्यांच्या विभागाच्या तक्त्यात बहुतेक रकाने रिकामे निघतील त्यांनी.